योरुबा रॅप अल्बम ऐकायचाय पण भाषा येत नाही? मग हे करून बघा

योरुबा म्हणजे नायजेरियातली एक भाषा. तर सगळ्यात आधी लिरिक्सची, म्हणजे गाण्याच्या बोलांची टॅब बंद करा. खरंच. मी पण आधी तेच करायचे, एका बाजूला गाणं लावायचं आणि दुसऱ्या बाजूला भाषांतर शोधत बसायचं, मग व्हायचं काय की डोळे वाचतायत आणि कान रिकामे, तीन-चार मिनिटांत गाणं संपलं की हातात पाच-सहा तुटकी वाक्यं, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. योरुबा रॅपमध्ये अर्थ दुसऱ्या नंबरला येतो, आधी सूर. आणि हे मी उगाच काव्यात्मक वगैरे बोलत नाहीये, त्या भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो, त्यामुळे सूर ऐकला नाही तर अर्थ पण हाती लागत नाही.

आता अल्बम कुठला घ्यायचा. माझं मत विचाराल तर नायजेरियन रॅपर डाग्रिनचा २००९ चा सीईओ, ज्याचं पूर्ण नाव चीफ एक्झिक्युटिव्ह ओमोता. बहुतेक सगळा योरुबामध्ये, मध्येमध्ये पिजिन (इंग्लिश शब्दांवर उभी राहिलेली तिथली बोली) आणि इंग्लिश. तो काही योरुबात रॅप करणारा पहिला माणूस नाही हा, लॉर्ड ऑफ अजासा त्याच्या आधीपासून करत होता, आणि त्याच्याही आधी नव्वदच्या दशकात ज्युनिअर अँड प्रिटी ही जोडी पिजिनमध्ये गमतीदार रॅप करायची. पण बाकी बऱ्याच जणांचा कल अमेरिकन अ‍ॅक्सेंट मारण्याकडे होता आणि लेगॉसच्या गल्लीतल्या भाषेत अख्खा अल्बम काढून तो मोठा हिट होऊ शकतो हे या अल्बमने सगळ्यांना दाखवलं. २०१० च्या हिप हॉप वर्ल्ड अवॉर्ड्समध्ये बेस्ट रॅप अल्बम पण हाच. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेगॉसच्या मुशिन भागात त्याची गाडी उभ्या ट्रेलरवर आदळली आणि २२ एप्रिलला तो गेला. विशीतला पोरगा. पुढे २०११ मध्ये त्याच्या आयुष्यावर सिनेमा पण आला. हे आधीच सांगून ठेवतेय कारण नंतर कळलं की गाणी वेगळी ऐकू येतात, आणि मला वाटतं पहिल्यांदा ऐकतानाच माहीत असलेलं बरं.

तर पहिली फेरी. हेडफोन लावा, अल्बम सलग चालू द्या आणि शब्द पकडायचा प्रयत्न करू नका, फक्त गुणगुणा. तोंड बंद ठेवून नुसतं हूं हूं करत रॅपच्या मागे मागे जायचं. येडेपणा वाटेल पण योरुबात तीन सूर असतात, खालचा, मधला आणि वरचा, आणि नायजेरियात मुलांना ते डो, रे, मी असंच शिकवतात. लिहिताना वरच्या सुराला उजवीकडे चढणारी रेघ, खालच्याला उलटी, मधल्याला काहीच नाही. म्हणजे तुम्ही गुणगुणताय तेव्हा नकळत निम्मी भाषा म्हणताय.

गुणगुणून झालं की पाच मिनिटं काढून एक सराव करा, याने माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला. योरुबात दोन ओ आहेत, एक साधा आपला ओ, आणि दुसरा ज्याच्याखाली टिंब असतं, तो ऑफिसमधल्या ऑसारखा. आता टिंबवाला घेऊन ऑकॉ म्हणा. रे-रे म्हटलं तर नवरा. रे-मी म्हटलं तर कुदळ. रे-डो म्हटलं तर गाडी किंवा होडी, म्हणजे वाहन. डो-डो म्हटलं तर भाला. झालं? आता साध्या ओने ओको म्हणा, रे-रे म्हणजे शेत, डो-डो म्हणजे फेकून मारायचा दगड, आणि रे-मी म्हणजे जे आहे ते मी इथे लिहीत नाही, पण रॅप आहे म्हटल्यावर तो शब्दही कुठेतरी भेटणारच. तर नवरा, कुदळ, गाडी, भाला, शेत, दगड आणि तो शेवटचा, आणि नेटवर गाण्याचे बोल टाकणारे लोक हे सगळे सातच्या सात ओ के ओ असे सरसकट टाइप करतात, ना टिंब ना रेघ. योरुबा माणसाला फरक पडत नाही, त्याच्या कानात गाणं असतंच. आपण आणि भाषांतराचं टूल मात्र खड्ड्यात.

माझं एकदा असंच झालं, एका गाण्यातल्या ओळीत टूलने मला शेत दिलं आणि मी त्यावरून अख्खी थिअरी रचली की हा गाव सोडून शहरात आलेला पोरगा आहे, शेतीची आठवण काढतोय, किती हळवं वगैरे. तो बसबद्दल बोलत होता.

म्हणून टूल वापरायचं तर तिसऱ्या फेरीनंतर, आणि एकेका शब्दाला, सोबत कानाने सूर तपासत. अख्खा पॅराग्राफ पेस्ट करायचा नाही, त्यातून जे बाहेर येतं ते वाचून तुम्हाला वाटेल रॅपरला ताप आलाय.

दुसऱ्या फेरीत अल्बमचं नाव आणि गाण्यांची नावं सोडवा. नावावर वेळ घालवणं फुकट जात नाही कारण त्यातच व्याकरण लपलेलं असतं. ओमोता घ्या. हे दोन शब्द आहेत, ऑमॉ म्हणजे मूल आणि इता म्हणजे बाहेर, घराबाहेरची जागा. जोडले की मधला स्वर गिळला जातो, उरतं ऑमॉता. बाहेरचं पोर, म्हणजे रस्त्यावर वाढलेला, टपोरी, ज्याला बघून सभ्य लोक रस्ता बदलतात तो. आणि त्याच्यापुढे लावलंय चीफ एक्झिक्युटिव्ह. सीईओमधल्या ओला ऑफिसरच्या जागी टपोरी बसवलाय, दोन भाषांच्या मधोमध मारलेला जोक आहे, आणि अल्बमभर तो हाच जोक मोठा मोठा करत नेतो असं मला वाटतं.

ही स्वर गिळायची सवय नीट लक्षात ठेवा, कारण शब्दकोशात शब्द न सापडण्याचं नंबर एकचं कारण हेच. रा म्हणजे विकत घेणे, आशॉ म्हणजे कपडा, बोलताना होतं राशॉ. आपली संधी असते तसंच काहीसं, पण आपण दोन स्वर मिळून तिसरा करतो आणि हे एकाला सरळ उडवतात. रॅपमध्ये स्पीड असल्यामुळे अजूनच जास्त उडवतात. त्यामुळे शब्द सापडला नाही तर मधोमध कापून बघा, पहिला तुकडा छोटं क्रियापद असतो आणि दुसरा नाम, बऱ्याचदा जमतं. आणि कान अजून दोन गोष्टींना सरावू द्या, एक म्हणजे पी लिहिलेलं असलं तरी उच्चार क आणि प एकदम केल्यासारखा क्प असा होतो, तसंच जी-बी म्हणजे ग्ब, एकाच दणक्यात, दोन वेगळे नाही. बीटवर हे ग्ब आणि क्प पडतात ना तेव्हा वेगळा ड्रम लागतच नाही. दुसरं, एस खाली टिंब असेल तर तो श, पण टाइप करणारे टिंब देत नाहीत म्हणून से दिसला तरी शे असू शकतो.

यमकाबद्दल थोडं. योरुबात शब्दाचा तुकडा जवळजवळ नेहमी स्वरावर नाहीतर अनुनासिकावर संपतो, आणि साधे स्वर सातच. म्हणजे नुसतं यमक जुळवणं फार सोपं, कुणीही जुळवेल. म्हणून चांगला रॅपर आणि सो-सो रॅपर यातला फरक माझ्या कानाला सुरांच्या जुळणीत कळतो, ओळीच्या शेवटी नुसता आ ला आ नाही, तर डो-मी-रे ला परत डो-मी-रे येतं. इथे ती पहिल्या फेरीतली हूं हूं कामाला येते. गुणगुणताना दोन ओळी सारख्याच वाटल्या तर समजा तिथे त्याने कारागिरी केलीय, मग भले अर्थ कळो न कळो.

आता सर्वनामं, आणि इथे मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे, इंग्लिशवाल्यांना तो नाही. योरुबात तू आणि तुम्ही वेगळे आहेत. ओ म्हणजे तू. टिंबवाला ए, तोंड जरा जास्त उघडून म्हणायचा, तो म्हणजे तुम्ही, अनेकांना किंवा एका मोठ्या माणसाला. तिथे मोठ्यांना ओ म्हणणं म्हणजे उघड उद्धटपणा, ज्या समाजात मोठ्यांना भेटताना मुलगे जमिनीवर लोटांगण घालतात आणि मुली गुडघे टेकतात तिथे तर विचारूच नका. त्यामुळे रॅपर कोणाला ओ म्हणतोय, कोणाला ए म्हणतोय, आणि कुठे अचानक ए वरून ओ वर उतरतोय हे वहीत टिपा. इंग्लिश भाषांतरात सगळीकडे यू येतं आणि अख्खं भांडण गायब होतं. मराठीत मनातल्या मनात तू-तुम्ही लावून ऐका, लगेच कळतं कुठे पाया पडतोय आणि कुठे कॉलर धरतोय.

वॉन् चं पण तसंच, म्हणजे ते. अनेकजण ते, किंवा आदरार्थी ते, किंवा मग ते नाव न घेतलेले ते, म्हणजे जळणारे, मागे बोलणारे, पोलीस, शेजारी, जो कोणी असेल. रॅपमध्ये हा शेवटचा फार भेटतो. वॉन् नी असं ऐकलं तर ते म्हणतात, लोक म्हणतात.

एक खड्डा मात्र आपल्यासाठी आहे, इंग्लिशवाल्यांपेक्षा मोठा. योरुबात लिंग नाही. तो, ती, ते सगळ्याला एकच छोटासा वरच्या सुरातला ओ. म्हणजे मैत्रिणीवरचं गाणं वाटतंय ते आईवरचं असू शकतं किंवा पैशावरचं. टूल आपलं मनाने कधी तो लावतं कधी ती, आणि मराठीत तर क्रियापदालाही लिंग चिकटतं, आली गेली रुसली, मग एका चुकीच्या ती मधून अख्खी प्रेमकहाणी उभी राहते. नीट नाव येईपर्यंत तो-ती ठरवू नका, वहीत नुसती रेघ मारून ठेवा.

तिसऱ्या फेरीत भाषा कुठे बदलते ते बघा. मी तीन रंगांची पेनं घेते, योरुबा, पिजिन, इंग्लिश. पेनं नसतील तर राहू द्या, पण कान ठेवा. पिजिन पटकन ओळखू येते, त्यात इंग्लिशचे शब्द असतात पण चाल वेगळी, आणि ती नायजेरियाभर चालते, म्हणून योरुबा न येणाऱ्यालाही आत घ्यायचं असलं की रॅपर पिजिनवर येतो. हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, किंवा धमकीचं सार बऱ्याचदा पिजिनमध्ये असतं. ब्रँड, गाड्या, हुद्दे इंग्लिशमध्ये. आणि आई, भूक, देव, जुने हिशोब, हे योरुबात. नियम नाही हा, माझं निरीक्षण आहे, पण बरेच वेळा बसतं. ओमो (मघाचाच ऑमॉ) हा शब्द मात्र दोन्हीकडे फिरतो, योरुबात मूल, आणि पिजिनमध्ये नुसतंच ओमो! म्हणजे आयला, बापरे यातलं काहीतरी. गाण्यात एकटाच ओमो आला आणि पुढे श्वास घेतला तर तो दुसरा.

सोबत नकाशा उघडा. लेगॉसला योरुबात एको म्हणतात, हे माहीत नसेल तर अल्बमभर हा एको कोण म्हणून शोधत बसाल. शहराचे ढोबळ दोन भाग, मेनलँड आणि आयलंड, मध्ये पूल, त्यातला थर्ड मेनलँड ब्रिज जवळपास १२ किलोमीटरचा, १९९० मध्ये पूर्ण झालेला. मेनलँडवरची मुशिन, बारिगा, अजेगुन्ले, अगेगे ही नावं आली की तो गल्लीबद्दल, गर्दीबद्दल, आपल्या माणसांबद्दल बोलतोय. आयलंडच्या बाजूचं इकोयी, लेकी, व्हिक्टोरिया आयलंड आलं की पैशाबद्दल. पूल ओलांडला असं म्हणाला तर तो नुसता ट्रॅफिकबद्दल बोलत नाहीये. यात अजून एक जोडी घालून ठेवा, अजेबोता आणि अजेपाको. पहिला लोणी खाणारा, म्हणजे श्रीमंताघरचं लाडावलेलं पोर, दुसरा लाकूड खाणारा, म्हणजे कशावरही जगलेला. ओमोता अर्थातच दुसऱ्या पंगतीतला. दान्फो म्हणजे पिवळ्या मिनीबस, अग्बेरो म्हणजे बस स्टँडवर ओरडून प्रवासी भरणारे आणि ड्रायव्हरकडून वसुली करणारे दादा, आणि नेपा म्हणजे वीज कंपनी, कंपनीचं नाव कधीच बदललं पण लाइट आली की लोक अजून अप नेपा असंच ओरडतात. एवढं आलं की निम्म्या शिव्या आणि निम्मे विनोद कळायला लागतात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. योरुबा म्हणी. जुनी म्हण आहे की म्हण हा बोलण्याचा घोडा, बोलणं हरवलं तर म्हणीवर बसून शोधायचं. आणि दुसरी एक आहे, शहाण्या माणसाला अर्धाच शब्द सांगतात, त्याच्या पोटात गेला की तो पूर्ण होतो. ही दुसरी म्हण मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय कारण योरुबा रॅपर नेमकं हेच करतात, म्हणीचा पहिला अर्धा भाग म्हणतात आणि उरलेला अर्धा तसाच सोडून पुढच्या ओळीवर जातात, ऐकणारा गालातल्या गालात हसतो. आपल्याला ती ओळ अपुरी, बिनअर्थाची वाटते. तर वाक्य अचानक मध्येच सोडल्यासारखं वाटलं, आणि त्यात कोंबडी, हत्ती, राजा, पाऊस, ओझं असलं काहीतरी आलं असेल तर शंका घ्या. योरुबा म्हणींचे संग्रह इंग्लिश अर्थासकट बरेच आहेत, त्यात तो प्राणी शोधा, उरलेली अर्धी सापडली तर मजा येते राव.

तसंच बढाई ऐकताना ओरिकी आठवा. ओरिकी म्हणजे माणसाची, घराण्याची, गावाची स्तुती, त्याच्या पूर्वजांची नावं, कर्तृत्व, कधी कधी खोडी पण, सगळं एका दमात म्हटलेलं. आणि ती तोंडानेच म्हणतात असं नाही, बोलका ड्रमही म्हणतो, मधे बारीक कमरेचा ड्रम, काखेत दाबला की दोऱ्या ताणल्या जाऊन सूर चढतो, सोडला की उतरतो, भाषाच सुरांची असल्यामुळे ड्रम अक्षरशः वाक्यं बोलतो. रॅपर स्वतःची लाल करतोय असं वाटतं तेव्हा तो खरं तर स्वतःच स्वतःची ओरिकी म्हणतोय, कारण रस्त्यावरच्या पोराची ओरिकी दुसरं कोण म्हणणार. नावं पण बघा, योरुबा नावं म्हणजे छोटी वाक्यंच असतात. ओलामिडे म्हणजे माझा मान, माझं वैभव आलं. आशाके हे खरं तर बायकांना देतात तसलं लाडाचं ओरिकी नाव, आणि आज त्या नावाने एक पुरुष गायक फेमस आहे.

फुजी हे योरुबा संगीत मात्र वेगळं ऐकायलाच लागेल, निदान एक संध्याकाळ. रमजानमध्ये पहाटे सहेरीसाठी लोकांना उठवायला पोरं गल्लीत ड्रम वाजवत गात फिरायची, त्याला वेरे म्हणायचे, त्यातून सिकिरू आयिंदे बॅरिस्टरने फुजी घडवलं. लांबच लांब, न थांबता, नावं घेत, टोमणे मारत, ड्रमच्या गर्दीत. आधी फुजी ऐका आणि मग परत रॅप लावा, घशातला तो खरखरीत ताण, ओळ ओढून मग एकदम टाकणं, कुठून आलंय ते सांगायला लागणार नाही. योरुबा लोकांत मुस्लिम आणि ख्रिश्चन दोन्ही मोठ्या संख्येने, एकाच घरात सुद्धा, म्हणून एकाच गाण्यात अल्हाजी पण येतो आणि पास्टर पण, गोंधळून जाऊ नका.

हे सगळं झालं की मग उघडा ती लिरिक्सची टॅब. सीईओसाठी मी हा क्रम लावेन, आधी पोन पोन पोन, कारण त्यात स्पीड आणि ग्ब-क्पचा मारा दोन्ही, मग थँक गॉड, ज्यात ओमावुमीचा आवाज आहे आणि जरा श्वास घेता येतो, आणि कोंडो नंतर, त्या शब्दाचा अर्थ दंडुका, पुढचं तुमच्या तुम्ही समजून घ्या आणि स्पीकरवर लावताना घरात कोण आहे ते बघा. प्लेअरमध्ये स्पीड पाऊणपट केला तरी सूर बिघडत नाहीत, बहुतेक अ‍ॅपमध्ये स्वर तोच राहतो, तर बिनधास्त कमी करा. एका दिवसात एक गाणं, जास्त नको.

पुढे काय ऐकायचं तर रॅपर ओलामिडेचा २०१२ चा वायबीएनएल, नावाचा फुल फॉर्म याहू बॉय नो लॅपटॉप, याहू बॉय म्हणजे तिथले ऑनलाइन फसवणूक करणारे पोरगे, म्हणजे हा म्हणतोय मी तसाच ऐटीत राहतो पण माझ्याकडे लॅपटॉपच नाही. मग त्याचाच २०१५ चा एयान मेवेदर, एयान म्हणजे माणूस, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मेवेदर-पॅक्वियाओ ही बॉक्सिंगची मॅच झाली होती, तर बाकीचं लावा तुम्हीच. आणि रेमिनिसचा २०१३ चा अलागा इबिले. अलागा म्हणजे अध्यक्ष, चेअरमन. इबिले म्हणजे इथल्या मातीतला, देशी, आणि तिथे लोकल गव्हर्नमेंटला योरुबात म्हणताना पण हाच इबिले येतो. म्हणजे परत ओमोतासारखीच गंमत, लोकल असण्याचाच हुद्दा करून टाकला. दोन वर्षांनी २०१५ मध्ये त्याने लोकल रॅपर्स नावाचंच गाणं काढलं, ओलामिडे आणि फिनोला घेऊन, आणि इंग्लिशमध्ये रॅप करणाऱ्यांना ते चांगलंच झोंबलं, त्यावरून भरपूर वाद झाला. ते पण ऐकाच. फक्त फिनोचा व्हर्स आला की योरुबाचा शब्दकोश बाजूला ठेवा, तो इग्बो या नायजेरियातल्या दुसऱ्याच भाषेत बोलतो, मी पहिल्यांदा दोन तास त्यात ऑमॉ शोधत बसले होते.